बर्फावरच्या दोन रेघा

सिंदी (रेल्वे)
२५ ऑगस्ट १९८२

घनश्याम, राम राम.

आधी बातमी सांगतो, नाहीतर तू पत्र शेवटून वाचायला घेशील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझे वडील सेलूहून आले. आमच्याकडे तान्हा पोळा म्हणजे गावभर गर्दी, पोरं लाकडी बैल ओढत रस्ता अडवून चाललेली. त्यातून वाट काढत ते घामाघूम होऊन दारात उभे राहिले आणि पाणीसुद्धा न पिता आमच्या नानाजींना म्हणाले, "तुमची शकू आमच्या घन्याले द्या." नानाजी पान लावत होते, ते हातातच राहिलं. मग म्हणाले, "पोरगा माह्या लेकाचा, रूपाचा दोस्त आहे. रूपाले विचारा. त्यानं हो म्हटलं का माह्यं हो."

म्हणजे लेका, तुझी दोरी आता माझ्या हातात आहे. शकू आत तांदूळ निवडत होती. निवडलेलेच तांदूळ तिने पुन्हा निवडायला घेतले, असं माय सांगते. तिच्या मनात काय आहे हे मी वेगळं लिहायला नको. माझं हो तू धरून चाल, पण तोंडाने मी ते साक्षगंधाला, सोयरीक पक्की होईल तेव्हाच म्हणेन. तोवर जरा ताटकळ. आणि मांडवात कानपिळीचा मान माझा आहे हे विसरू नको. नवरदेवाचा कान पिळायची संधी बहिणीच्या भावाला एकदाच मिळते, मी ती वाया घालवणार नाही.

माझं म्हणशील तर ठीक आहे. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या उतरवून घ्यायचं काम मिळालं, हंगाम सुरू झाला की जायचं. डाव्या पायातली सळई पावसाळ्यात दुखते. पलटण सोडून आलो तरी गावातले लोक अजून विचारतात, "बर्फावर घसरायचा पगार भेटत होता काय रे तुले?" मी हो म्हणतो आणि हसतो.

पण एक विचारायचं आहे. परवा ओल्या वावरात माझा पाय सटकला. काळ्या मातीचा चिखल तुला माहीतच आहे. आणि काय सांगू, माझ्या टाचा आपोआप बाहेर झटकल्या, जसा मी स्कीवरच आहे. तसाच बांधावर बसून राहिलो. स्कीच्या टीमच्या निवडीच्या दिवशीचं ते वळण मला सोडत नाही रे. दीड वर्ष झालं. तू खाली उभा राहून बघत होतास. खरं सांग, मी कुठे चुकलो?

तुझा,
रूपराव

गुलमर्ग
२० सप्टेंबर १९८२

रूपा, साळेबुवा,

तुझं पत्र वाचून मी मेसमध्ये सगळ्यांना पेढे म्हणून गूळ वाटला, इथे पेढे कुठले. ताटकळ म्हणतोस, ताटकळतो. कानपिळी मात्र हळू कर. इथल्या थंडीने माझे कान आधीच अर्धे झाले आहेत, उरलेले तुझ्या बहिणीच्या बोलण्यासाठी ठेवायचे आहेत.

मी मजेत आहे. टीममध्ये आहे म्हणून ड्यूटी हलकी. गेल्या हिवाळ्यात परदेशात स्पर्धेला जाऊन आलो ते तुला कळवलंच होतं. नंबर काही आला नाही, पण विमान पाहिलं, गोऱ्या लोकांचा बर्फ पाहिला. आता हवालदारकीची फीत येईल असं साहेब म्हणतात. शकूला सांग, कोरा शिपाईगडी मिळणार नाही.

त्या वळणाचं काय घेऊन बसलास? मी तुला दवाखान्यातही सांगितलं होतं, तेच सांगतो. तू घाबरलास. वाईट वाटून घेऊ नको, घाबरणं माणसालाच असतं. उतार पाहून तुझं अंग मागे गेलं, टाचा झटकायला उशीर झाला आणि स्की पायाखालून गेल्या. तंत्र तुझं बरोबर होतं, काळीज कमी पडलं. आपण पडलो सपाटीवरची माणसं. सिंदीत चढ म्हणजे रेल्वेचा पूल. त्यात तुझा काय दोष? विसरून जा.

जाम गावचा बंडूजी आमच्याच पलटणीत आहे, तो दिवाळीला रजेवर येतोय. त्याच्या हाती शकूसाठी शाल पाठवतो आणि माझा एक फोटोही. आमची आई म्हणते, मुलीकडे फोटो असावा. चांगला रुबाबदार फोटो शोधून ठेवला आहे.

तुझा होणारा जावई,
घनश्याम

सिंदी (रेल्वे)
२१ नोव्हेंबर १९८२

घनश्याम,

बंडूजी येऊन गेला. शाल पोचली. मायने ती आधी स्वतःच्या खांद्यावर घेतली, मग शेजारणीच्या खांद्यावर ठेवली, आणि सगळ्या गल्लीचे खांदे संपल्यावर ती आमच्या शकूला मिळाली. नानाजींनी साक्षगंधासाठी माघातला दिवस काढून आणला आहे. तुझ्या वडिलांनाही तो चालतो.

फोटोचीही गावभर वरात निघाली. तू उतारावरून येतो आहेस, गुडघे वाकलेले, अंग एका बाजूला कललेलं, मागे तुझी वाट उमटलेली. माय म्हणाली, "पडून राह्यला का हा पोरगा?" शकू म्हणाली, "नाई माय, वळून राह्यला." बघ, तुझ्या बाजूने आत्ताच बोलायला लागली. मायने आणखी एक विचारलं. कडेला एक माणूस अर्धाच आला आहे, हातात काळी छत्री. "बर्फात छत्री काऊन घेतली त्यानं?" आता हे मी तिला काय सांगू?

तो फोटो दोन दिवस माझ्याकडे होता, मग शकूने मागून नेला. घरच्यांनी तुझा चेहरा पाहिला, मी खालचा बर्फ पाहिला. माझी जुनी सवय. म्हणून विचारतो, हा फोटो केव्हाचा?

आणि ऑस्ट्रियाहून तो पाहुणा कोच आला होता, त्याच्या वर्गाची मला अलीकडे आठवण येते. प्रत्येक जोडीतला एकच जण घ्यायचा, आणि त्याने परत येऊन आपल्या जोडीदाराला शिकवायचं, असा साहेबांचा हुकूम होता. आपल्या जोडीतून तू जा असं मीच म्हटलं, कारण तुला इंग्रजी माझ्याहून बरं समजायचं. त्या वर्गात त्याने नेमकं काय शिकवलं होतं रे? जिनात पोरं विचारतात, मला धड सांगता येत नाही.

शकू बरी आहे. हल्ली गुणगुणत असते.

रूपराव

गुलमर्ग
८ डिसेंबर १९८२

रूपा,

किती जुन्या गोष्टी उकरतोस! तो गोरा काय शिकवणार? सकाळी कॉफी, दुपारी झोप. जे आपण करत होतो तेच त्याने इंग्रजीत सांगितलं. टाचा झटका, स्की आडव्या करा, बर्फ उडवा. मी आल्यावर तुला हे सगळं सांगितलं होतंच की. जिनातल्या पोरांना सांग, घसरता येणं हीच सगळी विद्या.

फोटो यंदाच्या मार्चमधला आहे, स्पर्धेहून परत आल्यावरचा. छत्रीवाला इथलाच कुणी घोडेवाला असेल, टुरिस्टांची छत्री धरून उभा. मायला सांग, जावयाकडे बघा, छत्रीकडे काय बघता.

माघातला दिवस मला चालतो, रजेचा अर्ज टाकला आहे. शकू गुणगुणते हे लिहिलंस, बरं केलंस. इथे बर्फ पडायला लागला. पहिल्यांदा बर्फ बघून आपण दोघांनी तो खाऊन पाहिला होता, आठवतं?

घनश्याम

सिंदी (रेल्वे)
२६ डिसेंबर १९८२

घनश्याम,

आठवतं. मला सगळंच आठवतं, आता तर जास्तच.

छत्रीवाला घोडेवाला नाही. तो कोच आहे. साऱ्या कॅम्पने त्याला हसून घेतलं होतं, बर्फात छत्री घेऊन फिरतो म्हणून. त्या छत्रीच्या टोकाने तो बर्फावर रेघा काढून समजावायचा, हे आम्ही लांबून पाहत होतो. वर्ग संपला त्याच संध्याकाळी तो गेला आणि पुन्हा आला नाही. म्हणजे फोटो त्या वर्गातला आहे. तू परत येऊन मला शिकवायला सुरुवात केलीस, त्याच्या आधीचा. तू मला फोटोबद्दल खोटं लिहिलं नसतंस तर कदाचित मीच स्वतःची समजूत घातली असती. मी तुला दोनदा विचारलं. तू दोनदा टाळलंस.

आता त्या फोटोतला बर्फ बघ. तुझ्या मागे दोनच रेघा आहेत. बारीक, गोल वळत गेलेल्या, जशी पेरणीच्या तिफणीची तासं. कुठे खरवडलेलं नाही, बर्फाचा फवारा नाही. मला तू शिकवलंस ते वखरणं होतं. वखर जमीन खरवडत जातो, मागे रुंद पट्टा सोडतो. टाचा झटकल्या की स्की आडव्या होतात, बर्फ घासत जातात, उडतो छान, बघणाऱ्याला वाटतं केवढा जोर! पण वेग मरतो. आणि खाली कडक बर्फ असला की आडव्या स्कीला धरायला काहीच नसतं. फोटोत तू गुडघा आत घालून स्की तिच्या लोखंडी कडेवर उभी केली आहेस. कड बर्फात रुतली की तुझ्या भाराने स्की वाकते आणि आपली आपण वळते, झटकावं लागत नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. तुझ्या फोटोकडे बघून मला कळलं. घरात लाकडी फळीवर उभा राहून करून पाहिलं, सळईच्या पायाने. तेव्हा समजलं.

त्या महिन्याभरात मी तुझ्याकडून रोज शिकलो. तू म्हणायचास, "आणखी झटक, रूपा, निवड करणाऱ्यांना उडालेला बर्फ आवडतो." मी झटकत होतो. तू संध्याकाळी कानस घेऊन तुझ्या स्कीच्या कडा घासत बसायचास. मी विचारलं, हे कशाला? तू म्हणालास, गंज काढतोय. मला वाटलं, घन्या नीटनेटका आहे.

निवडीच्या सकाळी उतार काचेसारखा गोठला होता. तू माझ्या आधी गेलास, शांत, आवाज न करता. मी गेलो. वळायच्या खुणेला लावलेल्या वरच्या झेंड्यांपाशी निभावलं. तिसऱ्या झेंड्याला टाचा झटकल्या, तू सांगितल्या तशाच, वेळेवर, आणि दोन्ही स्की खालून निघून गेल्या. खांबावर पाय आपटला तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी घाबरलो नव्हतो, घनश्याम. मी तुझं ऐकलं होतं.

जागा एक होती, मान्य. तुला ती हवी होती हेही मान्य. पण तू माझ्या खाटेजवळ बसून, माझा हात धरून म्हणालास की माझं काळीज कमी पडलं. आणि मी ते खरं मानलं. तेव्हापासून मी स्वतःला भित्रा समजत आलो. नानाजींनी बैल धरायला सांगितलं तरी मी मागे सरकायचो, म्हणायचो, माझ्याच्याने होणार नाही. गावाने विचारलं तर हसायचो. हे सगळं तुझ्या एका वाक्यावर. पाय मोडल्याचं दुःख मी केव्हाच विसरलो असतो, हे कसं विसरू?

माघ जवळ आला आहे. मला साक्षगंधाला हो म्हणायचं आहे. शकूला अजून यातलं काही माहीत नाही. तुझं उत्तर येऊ दे. या वेळेला खरं लिही.

रूपराव

गुलमर्ग
११ जानेवारी १९८३

रूपा,

तुझं पत्र वाचून वाटलं, जिनातल्या कापसाची धूळ तुझ्या डोक्यात गेली. एका फोटोवरून एवढं रामायण! बर्फ कधी धरतो, कधी सोडतो. माणूस पडतो. मीही शंभरदा पडलो.

बरं, समज, मी तुला नाही सांगितलं. समजच म्हणतो. मग? जागा एकच होती. तू माझ्यापेक्षा बरा होतास, हे सगळ्या कॅम्पला दिसत होतं. तुला घरी वावर होतं, नानाजी होते, शकू होती. मला काय होतं? सेलूच्या बाजारातलं वडिलांचं दोन हातांचं दुकान. मी ती जागा नसती घेतली तर मी कोण राहिलो असतो? आणि तू तुझ्या पायांवर पडलास, मी ढकललं नाही. कुठल्याही पंचायतीत जा, हेच सांगतील.

काळजाचं बोललो ते तुला बरं वाटावं म्हणून. तंत्र चुकलं म्हटलं असतं तर तू आणखी खचला असतास.

झालं गेलं. मी तुझी इथून माणसांशी ओळख करून देतो, नागपूरला चौकीदारीची सरकारी नोकरी लागेल. जावई आहे, एवढं करायलाच पाहिजे. फक्त एक कर. हे आपल्या दोघांतलं आहे. शकूला यात कशाला ओढतोस? तिला काय कळणार कड आणि टाच? सुखाने येते आहे, येऊ दे. हे पत्र वाचून फाडून टाक.

रजा मंजूर झाली आहे.

घनश्याम

सिंदी (रेल्वे)
२४ जानेवारी १९८३

घनश्यामजी,

मी शकुंतला. तुम्हाला माझं हे पहिलं पत्र. असं लिहावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. दुसरंच पत्र मी मनात कितीदा लिहून ठेवलं होतं.

भाऊने तुमचं पत्र फाडलं नाही. माझ्या पुढ्यात ठेवलं, त्याची स्वतःची पत्रं काय काय होती ती तोंडी सांगितली, आणि म्हणाला, "शकू, हो म्हणायचं माह्या हातात दिलं आहे सर्व्यांनी. पण संसार तुले करायचा आहे. वाच, अन् सांग." मग बैलांना पाणी पाजायला निघून गेला. तो बैलांकडे स्वतः होऊन गेला, हे माझ्या लक्षात आलं. इतके दिवस तो जात नव्हता.

मला कड आणि टाच कळणार नाही असं तुम्ही लिहिलं. फोटो माझ्याच पेटीत होता. भाऊने फळीवर उभं राहून दाखवलं, मला एका दमात कळलं. त्यात न कळण्यासारखं काय आहे? शिकवणाऱ्याला शिकवायचं असलं म्हणजे झालं.

मी तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. कुठेतरी एक शब्द सापडेल म्हणून. तुम्हाला ती जागा हवी होती म्हणून तुम्ही विद्या लपवली, हे वाईट आहे, पण माणसाला हाव सुटते, ते मी समजून घेतलं असतं. खोटं सांगत नाही, घेतलं असतं. मला तुम्ही आवडत होता. पण तो दवाखान्यात पडला असताना तुम्ही त्याला भित्रा केलं. मी त्याच्या पायाला शेक देत होते तेव्हा तो म्हणायचा, "मी भ्यालो शकू, माह्यात दमच नाई." मी त्याला समजवायची आणि मनातून मीसुद्धा ते खरं धरायची. माझ्या भावाबद्दल. तुमच्या शब्दावर. हे मला फार लागलं. रात्रंदिवस घरात वावरणारा माणूस मी ओळखला नाही आणि दूरचा माणूस ओळखला असं समजत राहिले.

आणि आता तुम्ही म्हणता, शकूला सांगू नको, सुखाने येऊ दे. म्हणजे मलाही तुम्ही त्याच उतारावर आणून उभं करणार होता, खाली काय आहे ते न सांगता. उद्या माझा पाय घसरला असता तर माझंच काळीज कमी पडलं असतं.

माझं उत्तर 'नाही' आहे. भाऊने ते नानाजींना सांगितलं, नानाजी काल सेलूला जाऊन तुमच्या वडिलांना सांगून आले. कारण सांगितलं नाही. म्हातारा माणूस दुकानात मान खाली घालून बसला होता. कारण तुम्ही त्यांना सांगा. भाऊ नोकरी घेणार नाही, तेही त्याने लिहायला सांगितलं आहे. शाल पार्सलने वेगळी पाठवली आहे, घडी मोडलेली आहे, माफ करा, गल्लीभर फिरली होती. फोटो मात्र पाठवत नाही. भाऊला हवा आहे. त्याने तुमच्या अंगावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला आणि खालच्या दोन रेघा तेवढ्या उघड्या ठेवल्या.

माय फार चिडली आहे. हे पत्र लिहिताना शेजारी बसून आहे. म्हणाली, "लिही त्याले, लग्न मोडलं तरी कानपिळीचा मान माह्या पोराचा होता. रूपा येते म्हणा गुलमर्गाले, कान पिळाले."

भाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, "नाई माय. कान आपल्या माणसाचा पिळतात."

शकुंतला